तीनशे सत्तेचाळीस मैल

रविवारी सकाळी सव्वादहाला मृणालिनीचा फोन आला आणि सहा-सात मिनिटांत संपला. एवढंच झालं. बाहेर अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावच्या त्या गल्लीत मार्चमधला मळका बर्फ कडेकडेने वितळत होता, समोरचा म्हातारा गाडीच्या काचा पुसत होता, स्वयंपाकघरात सुनेत्रा पोह्यांना फोडणी देत होती, आणि चारुदत्त खांबेटे रिसीव्हर जागेवर ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा होता. हात अजून रिसीव्हरवरच होता. तो तिथे आहे तोवर फोन पुरता संपलेला नाही, अजून काही बोलता येईल, असं त्या हाताला वाटत असावं. एक्कावन्न वर्षांचा, दोन पदव्या घेतलेला, ऑफिसात ज्याच्या शब्दाला किंमत आहे असा माणूस. पण हात काही ऐकेना.

"काय म्हणाली हो?" सुनेत्राने आतून विचारलं.

"बरी आहे. आज विमानाने निघतेय त्या अनारुकहून. आपल्या घड्याळात अकराला."

"आणि पोचणार कधी?"

"दोन तास चाळीस मिनिटं," तो म्हणाला. त्याच्या ऑफिसच्या पुस्तकातला आकडा तोंडातून आपोआप बाहेर पडला. तो स्वतःच ऐकत राहिला.

"म्हणजे पावणेदोनपर्यंत. चला, जेवणं होईस्तोवर उतरलेली असेल," असं म्हणून सुनेत्राने झाकण ठेवलं. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. नवऱ्याने सांगितलेल्या वेळा बरोबर असतात हे तिला तेवीस वर्षं ठाऊक होतं. ही माणसं अशी डोळे मिटून विश्वास ठेवतात, आणि मग ज्याच्यावर ठेवला त्याची पंचाईत होते.

मृणालिनी अलास्कात गोठलेल्या जमिनीचा अभ्यास करत होती. हे वाक्य तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणापुढे उच्चारायची वेळ आली की चारुदत्त अजूनही घसा खाकरत असे. बाकीच्यांच्या मुली डॉक्टर होत होत्या. हिलाही तीच वाट आखून दिलेली होती, दोन वर्षं ती त्या वाटेने नीट चाललीही होती, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली की मला माती शिकायचीय, वर्षानुवर्षं न वितळलेली माती. तो जे बोलला ते त्याला पुसता आलं असतं तर बरं झालं असतं. "माती उकरायला तुला अमेरिकेत आणलं का? ती आपल्याकडेही होती, फुकट होती." त्यानंतर दीड वर्ष ती दर रविवारी आईशी बोलायची, आणि शेवटी फोन त्याच्या हातात आला की दोघं एकमेकांना हवामान सांगायचे. तिकडे उणे तीस, इकडे उणे पाच. बरी आहेस ना. हो. ठेवू का. हो. मुलगी रागात असली की इंग्रजी बोलते आणि लाडात आली की मराठी, हे त्याला ती चार वर्षांची असल्यापासून माहीत. दीड वर्ष ती त्याच्याशी इंग्रजीत बोलत होती.

आज ती मराठीत बोलली. फोन नेमका त्यानेच उचलला होता, आणि ती "आईला दे" म्हणाली नाही. म्हणाली, "बाबा, थांब, तुझ्याशीच बोलायचंय." आवाजाच्या मागे कुठे तरी कुत्री भुंकत होती. त्या गावात एकच फोन, दुकानाच्या गल्ल्याशेजारी, हे त्याला माहीत होतं. "बाबा, वॉल्टरकडे तुझं पुस्तक आहे! वॉल्टर म्हणजे आमचा पायलट. आज आम्ही डायरेक्ट केप हॉलोवेला जातोय, मधे न उतरता. तसं कुणी जात नाही, त्यामुळे त्याला डिस्टन्स माहीत नव्हतं. मी सहज पान उघडलं, तर आहे! अनारुक ते केप हॉलोवे. बाबा, त्या दोन गावांत मिळून चारशे माणसं राहत नाहीत. हे तू माझ्यासाठी घातलंस ना? खरं सांग."

त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं. दीड वर्षाचं काहीतरी. तो हसला असावा. आणि मग ती वाचून दाखवू लागली, लहानपणी पाढे म्हणायची त्याच आवाजात, "तीनशे सत्तेचाळीस मैल, दोन तास चाळीस मिनिटं." म्हणाली, "वॉल्टर एक जादा पेट्रोलचा कॅन घेणार होता. मी म्हटलं, हे माझ्या वडिलांचं पुस्तक आहे, त्यांचा आकडा चुकत नाही. मग त्याने कॅन उतरवला आणि माझी मातीची एक पेटी जास्त बसली. यू सेव्हड माय सॅम्पल्स, बाबा."

तीनशे सत्तेचाळीस. तो आकडा त्याने छापील पानावर पाहिलेला होताच, पण त्याआधीही कुठे तरी पाहिला होता, पेन्सिलने लिहिलेला, आणि तिथे तो शेवटचा नव्हता. तिथे त्याच्याखाली अजून एक ओळ यायची होती. चारुदत्त गप्प झाला. किती वेळ? तीन सेकंद, चार. कुत्री भुंकत राहिली. "हॅलो? बाबा? लाइन गेली का?" तिने विचारलं.

"नाही, आहे," तो म्हणाला. आणि मग म्हणाला, "छान."

आता भिंतीपाशी उभा असताना त्याला तो शब्द परत ऐकू येत होता. छान. काय छान?

त्याचं ऑफिस हे पुस्तक दर वर्षी काढायचं. छोट्या विमानांचे धंदे चालवणाऱ्यांसाठी विमानतळांच्या जोड्यांची अंतरं, आणि ताशी एकशेतीस मैलांनी जाणाऱ्या विमानाला लागणारा वेळ. उत्तरेकडचा विभाग चारुदत्तचा. उत्तर ध्रुवाकडचे ते विमानतळ म्हणजे खडीची एक पट्टी, एक झोपडं आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. त्यातला एकही त्याने पाहिलेला नव्हता, पण अक्षांश-रेखांश पाठ होते. काम साधं होतं. मशीन दोन ठिकाणांमधलं अंतर काढायचं ते आधी समुद्री मैलांत, आणि मग स्वतःच त्याचे साधे मैल करायचं. समुद्री मैल मोठा असतो, साध्या मैलाच्या सव्वापट नव्हे पण त्याच्या जरा अलीकडे. म्हणून शेवटी एक गुणाकार. तो गुणाकार माणसांनी करायचा नसतो, तो मशीनच्या पोटात होतो; ऑफिसात कुणाला तो आठवायचंही कारण नव्हतं. माणसांनी करायचं ते वाचन. डोरोथी नावाची साठीला आलेली बाई समोर बसून एकेक ओळ मोठ्याने वाचायची, चारुदत्त दुसऱ्या कागदावर बघून खूण करायचा, मग उलट, तो वाचायचा आणि ती खूण करायची. दोन खुणा झाल्याशिवाय ओळ छापायला जायची नाही. अकरा वर्षं त्या दोघांनी एकमेकांना आकडे वाचून दाखवले होते, त्यापलीकडे फारसं काही बोलले नव्हते, आणि डोरोथी त्याला या देशातल्या कुणाहीपेक्षा जवळची वाटायची.

ती एक ओळ मात्र डोरोथीने वाचली नव्हती. ती त्याने घरी केली होती, ऑगस्टमध्ये, जेवणाच्या टेबलावर, मृणालिनीने आईला दोन नवी गावं सांगितली त्या संध्याकाळी. मशीनवर उद्या दोन मिनिटांत झालं असतं. पण त्याला ते हाताने करायचं होतं. सांगलीहून येताना आणलेली लॉगची पुस्तिका त्याने तळघरातून शोधून काढली, पेन्सिलीला टोक केलं, आणि साइन-कोसाइन काढत बसला. लेकीसाठी स्वेटर विणावा तसा तो दीड तास ते अंतर काढत होता. सुनेत्रा म्हणाली, "काय हो, घरी कसलं काम आणलंत?" तो म्हणाला, "काही नाही, असंच." माफी मागायची त्याला सवय नव्हती. त्याच्या घराण्यात बापाने मुलीची माफी मागितल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. म्हणून त्याने ती एका ओळीत बसवली आणि जिथे कुणी बघणार नाही अशा पानावर नेऊन ठेवली. डोरोथीला म्हणाला, ही मी तपासलीय. आणि दोन्ही खुणा स्वतःच केल्या.

मनाने एक पाऊल मागे घेतलं. गुणाकार केलाच असेल. आपण कसे विसरू? इतकी वर्षं हेच करतो. तीनशे सत्तेचाळीस हा गुणाकारानंतरचाच आकडा असेल, पेन्सिलीत पाहिल्यासारखा वाटतो तो भास. एवढ्यावरून फोन करायचा? त्या दुकानदाराने धावत जाऊन तिला विमानापासून परत आणायचं, आणि मग तिला काय सांगायचं, की तू ज्याच्यावर आत्ता विश्वास ठेवलास तो आकडा बहुतेक चुकला आहे? बहुतेक? तिचा आवाज दीड वर्षाने असा आला होता. खात्री झाल्याशिवाय कशाला उगीच. आधी वही बघू. वही तळघरात होती, चौदा पायऱ्या खाली. तो दाढी करायला गेला.

हे त्याला नंतर कुणाला समजावून सांगता आलं नसतं. वही बघायला जायच्या ऐवजी तो दाढी करायला गेला. गरम पाणी सोडलं, फेस केला, आणि नेहमीपेक्षा सावकाश, कानाच्या पाळीखालून सुरुवात करून, हनुवटीच्या खड्ड्यात दोनदा पातं फिरवून त्याने दाढी केली. आरशातला माणूस स्वस्थ होता. वाफेत त्याला वडील दिसल्यासारखे झाले, सांगलीच्या शाळेतले गणिताचे खांबेटे मास्तर, ज्यांना स्वतःचा मुलगा वर्गात असला तर त्याला दोन छड्या जास्त द्याव्याशा वाटत. उत्तर बरोबर आलं तरी ते फळ्याजवळून हलू देत नसत. "सत्तेचाळीस कसले? आंबे? रुपये? पावलं?" आणि पोरगं "मैल, सर" म्हणेपर्यंत छडी हवेत. एकदा तो रडकुंडीला येऊन म्हणाला होता, "पण उत्तर तर बरोबर आहे ना?" वडील त्याच्याकडे बघतच राहिले. मारलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर आईला म्हणाले, "हा एक दिवस कुणाला तरी मारील." आई हसली होती. तोही हसला होता. चाळीस वर्षांत ते वाक्य त्याला एकदाही आठवलं नव्हतं. आता पातं गळ्याशी असताना आठवलं, आणि त्याने नळ बंद केला.

पावणेअकरा. तो बाहेर आला तर फोनवर सुनेत्रा. पुरुषोत्तम जोशी, मंडळाचे यंदाचे अध्यक्ष, पाडव्याच्या कार्यक्रमाचं श्रीखंड कुणी करायचं हे ठरवत होते. सुनेत्रा म्हणत होती, "अहो पण जोशी, मागल्या वर्षी चक्का आंबट झाला होता ना, शोभाला विचारा." तारेचं वेटोळं तिने बोटाभोवती गुंडाळलं होतं, म्हणजे अजून निदान दहा मिनिटं. चारुदत्त दारात उभा राहिला. ठेव म्हणायचं होतं. एक शब्द. ती डोळ्यांनीच "काय?" म्हणाली, आणि त्याने मान हलवली, काही नाही. आणि त्याला कळलं, अगदी स्वच्छ कळलं, की आपल्याला बरं वाटतंय. लाइन अडकलेली आहे, आपण काही करू शकत नाही, असं कुणी तरी आपल्याला सांगतंय. तो खुर्चीवर बसला आणि पोहे खाल्ले. पोहे चांगले झाले होते. अकराला पाच कमी असताना पुरुषोत्तम जोशींचं श्रीखंड ठरलं, फोन मोकळा झाला, आणि तरीही तो बसून राहिला. घड्याळाचा मोठा काटा बाराकडे जाताना तो बघत होता. काटा बारावर आला. घरात नेहमीचे आवाज चालू होते. आता खाली जाऊन वही बघायला हरकत नव्हती. तो उठला.

वही जुन्या सूटकेसमध्ये होती, लॉगच्या पुस्तिकेबरोबर. सूटकेस खोक्यांच्या मागून ओढून काढायला वेळ गेला, पान सापडायला नाही. त्याचंच अक्षर, नीटनेटकं, इंजिनिअरिंग कॉलेजात असल्यापासूनचं. पायरीमागून पायरी. तळाशी उत्तर, त्याखाली दोन रेघा, आणि उत्तराशेजारी एकक नव्हतं. नुसता आकडा. ३४७. गुणाकाराची जागा रिकामी होती. तिथे एक चहाचा गोल डाग होता, कारण त्याच वेळी सुनेत्राने कप आणून ठेवला असणार आणि विचारलं असणार की घरी कसलं काम आणलंत. त्याने उभ्याउभ्याच मनात गुणाकार केला. तीनशे नव्याण्णव. बावन्न मैलांचा फरक. चोवीस मिनिटं. आणि समोरून वारा असला तर जास्त. आणि त्या चोवीस मिनिटांचं पेट्रोल अनारुकच्या बर्फात एका कॅनमध्ये राहिलं होतं, कारण माझ्या वडिलांचा आकडा चुकत नाही.

चौदा पायऱ्या तो कसा चढला हे त्याला आठवत नव्हतं. दुकानाचा नंबर सुनेत्राच्या डायरीत होता. बराच वेळ घंटा वाजली. अकरा वीस. मग एका बाईने उचलला. "वॉल्टर? तो गेला हो. वीस-पंचवीस मिनिटं झाली. हो, ती मुलगीही. तुम्ही कोण?" त्याने रेडिओचं विचारलं. बाई म्हणाली, डोंगरापलीकडे गेला की इथून काही लागत नाही, तुम्ही फेअरबँक्सला विचारा, तिथे सरकारी माणसं असतात. नंबर तिनेच दिला, दोनदा सावकाश वाचून. डोरोथीसारखी वाचत होती.

फेअरबँक्सचा माणूस तरुण होता, आवाजात झोप होती. चारुदत्तने विमानाची माहिती दिली, निघाल्याची वेळ दिली, आणि मग म्हणाला, अंतराचा आकडा चुकीचा आहे. तीनशे सत्तेचाळीस नाही, तीनशे नव्याण्णव. त्या माणसाची झोप उडाल्याचं इकडे कळलं. "सर, हे तुम्हाला कसं माहीत?" चारुदत्तने डोळे मिटले. "तो आकडा मी काढलाय," तो म्हणाला. पलीकडे पेन्सिल चालल्याचा आवाज आला. मग त्या माणसाने विचारलं, "आणि हे तुमच्या लक्षात कधी आलं?" प्रश्न साधा होता, फॉर्मवर तशी एक जागा असणार. "आत्ताच," चारुदत्त म्हणाला. "आत्ताच वही बघितली." तो म्हणाला, त्या बाजूला आमचाही रेडिओ पोचत नाही, पण वरून जाणाऱ्या एखाद्या विमानाकडून निरोप देता येईल का बघतो. तुम्ही लाइन मोकळी ठेवा.

वळून बघतो तर सुनेत्रा दारात. हातात ओला टॉवेल. तिने सगळं ऐकलं होतं. तिला इंग्रजी थोडं सावकाश समजायचं, पण हे तिला लगेच समजलं होतं. "म्हणजे काय?" ती म्हणाली. त्याने सांगितलं. आकडे सांगितले. तिला आकडे नको होते. "मग ती फोनवर होती तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तेव्हा लक्षात आलं नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिने विश्वास ठेवला. त्याला ते दिसलं. त्या क्षणी तिने वाटेल ते बोलायला हवं होतं, हातातला टॉवेल तोंडावर मारायला हवा होता. तिने टॉवेल खुर्चीच्या पाठीवर घातला, चारी कोपरे सरळ केले, आणि देवापुढे निरांजन लावायला गेली. तिच्या मागोमाग जायची त्याला लाज वाटली.

मग वाट बघणं. टेबलावर वही उघडी होती, आणि तो नको म्हणत असतानाही डोकं आपलं काम करत होतं. साडेबारा : दीड तास, एकशे पंच्याण्णव मैल, वारा नसेल तर. वारा असेल तर एकशे पासष्ट. कुठल्या तरी पांढऱ्या दरीवर ते विमान आहे, त्यात एक माणूस वेळोवेळी घड्याळ बघतोय आणि त्याच्या मते सगळं नीट चाललंय, आणि शेजारी मातीच्या पेट्यांना टेकून ती बसलीय, खिडकीला नाक लावून. लहानपणी गाडीतही ती अशीच बसायची. ट्रॉयला मित्राकडे, अनिलकडे, जाताना सहा तास, आणि मागून दर थोड्या वेळाने एकच प्रश्न, "बाबा, आता किती राहिलं?" तो सांगायचा, पंच्याऐंशी मैल. साठ मैल. एकवीस. कधी "थोडंच" असं सांगून त्याने तिला फसवलं नव्हतं. इतर बाप थोडंच म्हणतात. त्याला त्याचा अभिमान होता. ती आकडा ऐकून शांत व्हायची. तिला आकड्याने झोप यायची. दीड वाजता सुनेत्राने भात लावला आणि कुणी जेवलं नाही. एक चाळीस झाले. पुस्तकाप्रमाणे ती आता उतरली होती. त्याच्या पुस्तकात, पान दोनशे बारा, ती आता पायऱ्या उतरत होती, हातमोजे घालत होती, पेट्या मोजून घेत होती. खिडकीबाहेर समोरचा म्हातारा गाडी पुसून आत गेला होता. कौलांवरून वितळलेलं पाणी थेंबथेंब पडत होतं आणि चारुदत्तला ते थांबवावंसं वाटत होतं.

पुस्तकातल्या वेळेवर पंधरा मिनिटं शिल्लक धरली तर दोनला पाच कमी असताना पेट्रोल संपतं. त्याने ते अकरा वीसलाच काढून ठेवलं होतं. ती वेळ आली आणि गेली. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसली होती. सुनेत्राचे ओठ हलत होते. त्याने वहीतल्या त्या आकड्यापुढे पेन्सिलने लिहिलं, "समुद्री मैल". सात महिन्यांनी. मग पेन्सिल खाली ठेवली.

सव्वातीनला फेअरबँक्सहून फोन आला. आवाज तोच, आता पुरता जागा. एका मालवाहू विमानाने वॉल्टरला निरोप पोचवला होता, एक वाजता. पण तोवर ते अशा ठिकाणी होते की मागे फिरायलाही पेट्रोल पुरलं नसतं, आणि समोरच्या वाऱ्यात पुढे जायलाही नाही. मधे एक बंद पडलेली खाण आहे, तिथे पूर्वी धावपट्टी होती. ती बर्फाखाली होती. विमान उतरलं, पण उलटलं. हेलिकॉप्टर गेलंय. दोघं जिवंत आहेत, एवढं कळलंय. सुनेत्रा "जिवंत" ऐकून रडायला लागली, मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता. चारुदत्तने तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात आता ऐकत होता, जिथे ठेवला तिथे राहिला. अकराच्या आधी त्याने दुकानात फोन केला असता तर हा निरोप लागलाच नसता. कॅन विमानात असता. हे तो कुणालाही सांगू शकत नव्हता, म्हणून त्याने सुनेत्राला पाणी आणून दिलं.

संध्याकाळी सातला मृणालिनीचा फोन आला. सुनेत्राने झडप घालून उचलला. हो, हो, मनगट? नुसतं मनगट ना? प्लास्टर कधी काढणार? खाल्लंस का काही? ती एकीकडे हसत होती, एकीकडे नाक पुसत होती. मग तिचा चेहरा जरा उतरला. "अरेरे. आणि त्याची बायको?" पलीकडून काहीतरी उत्तर. सुनेत्रा म्हणाली, "देवाची कृपा बाळा, बाबांच्या लक्षात आलं म्हणून. नाही तर काय झालं असतं. थांब, त्यांना देते." आणि तिने रिसीव्हर त्याच्या हातात दिला, वर त्याच्या दंडावर थोपटलं, मोठं काम करून आलेल्या माणसाला थोपटतात तसं.

"मृणाल," तो म्हणाला.

"हाय, बाबा." मागे कुत्री नव्हती. कसली तरी यंत्रं, कुणाची पावलं, दवाखाना. "वॉल्टर अजून शुद्धीवर नाही. डॉक्टर म्हणतात, वेट करा. त्याची बायको इथेच आहे. मला कॉफी आणून दिली तिने." कप टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "माझ्या पेट्या सगळ्या फुटल्या."

"जाऊ दे त्या."

"हं." ती मराठीतच बोलत होती, पण लाडात नव्हे. एकेक शब्द तपासून, जड वस्तू टेबलावर मांडाव्यात तशी. "बाबा, तू त्यांना कॉल कधी केलास?"

"अकरा वीसला."

"आपण सव्वादहाला बोललो."

"हो."

"वॉल्टर अकराला निघाला. साडेदहापासून आम्ही नुसते उभे होतो. इंजिन गरम करत होता तो. कॅन तिथेच होता, बाबा, माझ्या पायाशी."

स्वयंपाकघरात सुनेत्राने दुपारचा भात गरम करायला ठेवला होता, त्याचा वास येत होता. ती काहीतरी गुणगुणत होती. फोनच्या वरच्या फळीवर तिने ठेवलेली डायरी, तिच्यात त्या दुकानाचा नंबर, स्वच्छ अक्षरात.

"मी आकडा वाचला ना तुला," मृणालिनी म्हणाली, "तेव्हा तू गप्प झालास. मी विचारलं, लाइन गेली का." आणि मग, "तेव्हा लाइन गेली नव्हती ना, बाबा?"

चारुदत्त गप्प राहिला. तीन सेकंद, चार, दहा. पलीकडे पावलं येत-जात होती, यंत्र वाजत होतं, तिचा श्वास चालू होता. ती त्याच्या उत्तराची वाट बघत होती. या वेळी तिने लाइन गेली का, असं विचारलं नाही.